फळीवर बंद पडणारं इंजिन

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धीराचे दोन शब्द ऐकवायला नकोत. मला उंचीची भीती वाटते, खोल पाण्याची वाटते, आणि सकाळी फार लवकर फोन वाजला तर त्याचीही वाटते. आमच्या गावात असल्या माणसाची काही धडगत नाही. गावाच्या डोक्यावर पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, खाणीच्या पोटात काळं पाणी साठलंय, आणि दर एप्रिलमध्ये तिथे जुन्या मोटरसायकलींची ट्रायल भरते. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून, चिखलातून गाडी न्यायची आणि पाय खाली टेकवायचा नाही. टेकवला की गुण गेला. मी सोप्या वाटेवर भाग घेते. माझा बाप, इड्वल, सत्तरी उलटली तरी अवघड वाटेवर.

अवघड वाटेचा शेवटचा टप्पा म्हणजे फळी. खाणीच्या कड्यात कोरलेली अरुंद पायवाट. डावीकडे कडा आणि उजवीकडे काही नाही. खाली, बऱ्याच खाली, पाणी. बाबा खाणीत फिटर होता. खाण बंद पडेपर्यंत तो याच फळीवरून डबा घेऊन कामावर जायचा, पावसात, बर्फात, कधी कधी आदल्या संध्याकाळची उतरलेली नसताना. त्यामुळे तिची भीती म्हणजे काय हे त्याला समजावून सांगणं अशक्य. ट्रायलच्या दिवशी पाण्याच्या बाजूला मोटरसायकल क्लबची दोन माणसं दोर घेऊन उभी करतात. ती दोघं नेमकं काय करणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

फळीच्या टोकाला डावं वळण आहे. कडा तिथे पुढे आलाय, त्याच्या अंगाला घासून गाडी इंच इंच सरकवावी लागते. क्लच अर्धा दाबून धरायचा, पुरता दाबायचाही नाही आणि सोडायचाही नाही, आणि इंजिन जेमतेम जिवंत ठेवायचं. नेमकं त्या वळणावर बाबाच्या गाडीचं इंजिन बंद पडायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी खाली उभी होते, सोबत हेविनकाका. हे बाबाचे खाणीतले जोडीदार आणि क्लबचे जुने परीक्षक. बाबा सरावाला वर गेला होता. इंजिनाचा आवाज कड्यावरून घुमत होता आणि एकदम थांबला. वर बघितलं तर बाबाचा उजवा पाय बाहेर आला होता, जमीन शोधत होता, आणि त्या बाजूला जमीन नव्हती. टाच कडेला लागली. पाटीच्या दगडाची एक कपची निसटली. ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मी मधे एकदा श्वास घेतला. बाबा डाव्या खांद्याने कड्याला टेकून राहिला म्हणून राहिला. आणि तो वरून ओरडून काय सांगत होता, तर, "कंडेन्सर असणार."

ही आमची माणसं. आपण आत्ता मेलो असतो हे यांच्या डोक्यात येत नाही, कंडेन्सर येतो.

आता कंडेन्सर म्हणजे काय, तर अंगठ्याएवढा पत्र्याचा डबा. बाबाची गाडी स्पॅनिश, मी पाळण्यात होते तेव्हाची. तिला बॅटरी नाही. चाकासारखं लोहचुंबक फिरतं, त्यातून करंट तयार होतो, पॉइंट नावाचे दोन चिमुकले तुकडे उघडझाप करतात, आणि उघडले की प्लगला ठिणगी मिळते. कंडेन्सर त्या पॉइंटना जळू देत नाही. तो म्हातारा झाला की गार असताना नीट चालतो आणि गरम झाला की मान टाकतो. तेव्हा बाबाचा अंदाज काही वेडगळ नव्हता. मी शेतीची यंत्रं दुरुस्त करून पोट भरते, मलाही तेच वाटलं असतं.

आमच्या शेडमध्ये एक नियम आहे, बाबाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालू लागली तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. काढलेला भाग बाकावरच्या जुन्या टॉवेलवर ठेवायचा, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने. लहानपणी मी हा क्रम चुकवला की तो काही बोलायचा नाही, सगळे भाग पुन्हा गाडीला लावायचा आणि मला पहिल्यापासून काढायला सांगायचा.

कंडेन्सर बदलला. गाडी फळीवर बंद पडली. पॉइंट बदलले. बंद पडली. ठिणगीला जोर देणारी कॉइल बदलली. त्या वेळी तर वळणाच्या जरा पुढेच बंद पडली आणि त्याला गाडी कड्याला टेकवून रांगत मागे यावं लागलं. मी खालून बघत होते.

"बाबा, या वर्षी सोप्या वाटेवर ये ना माझ्याबरोबर," मी घरी म्हटलं. आई गेल्यापासून रविवारचं जेवण आम्ही एकत्र करतो. मटणाचा रस्सा होता, त्याचा आवडता, आणि तो नुसता ढवळत बसला होता.

"सोप्या वाटेवर पोरंटोरं असतात."

"मी असते."

"तेच म्हणतोय."

"तू पडलास तर मी काय करू?"

"पडलो तर माझं मी बघीन. तू टॉवेलावरचं सामान नीट ठेव म्हणजे झालं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा मऊ झाला. "नेस, गाडी बिघडली म्हणून मी का वाट बदलू? गाडी नीट करायची. तू माझी पोर आहेस की चॅपलच्या पाद्र्याची?"

तेव्हा मी ठरवलं की जुनं सगळं काढून टाकायचं आणि ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची. पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही, उघडझाप नाही, झिजायला काही नाही. बाबा आधी कुरकुरला, की एवढी वर्षं पॉइंटवर चालली, आता ही डबी आत काय करते ते दिसत नाही, न दिसणाऱ्या गोष्टीवर त्याचा विश्वास नाही. हेविनकाका शेडच्या दारात चहाचा मग घेऊन उभे होते.

"इड्वल, तुझा तुझ्या हृदयावर विश्वास आहे ना? ते कुठे दिसतंय?"

"ते सत्तर वर्षांत कधी बंद पडलं नाही."

"अजून पडलं नाही, एवढंच म्हण."

मला ते बोलणं आवडलं नाही. काही बोलणी मला आवडतच नाहीत, थट्टेतली असली तरी.

शनिवारची अख्खी दुपार आम्ही त्यात घातली. जुनं फ्लायव्हील, म्हणजे ते लोहचुंबकाचं चाक, पुलर लावून ओढून काढलं, खालची पॉइंटची प्लेट काढली, नवीन प्लेट आणि नवं फ्लायव्हील बसवायला घेतलं. फ्लायव्हील जागेवर धरायला एक छोटी किल्ली, म्हणजे लोखंडी पाचर, असते, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, ती बाबाच्या हातून पडली. उचलली, पुन्हा पडली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो.

"तू दिवा नीट धरत नाहीस," तो म्हणाला.

"दिवा टांगलाय, बाबा. मी धरलेला नाही."

"मग नीट टांगलेला नाही."

किल्ली मी बसवली. मग प्लगच्या भोकातून माप घ्यायचा गेज आत सोडून पिस्टन नेमका किती वर असताना ठिणगी पडायला हवी ते जुळवलं. केसाएवढा फरक पडला तरी गाडी उलटी लाथ मारते. बाबाने किक मारली आणि पहिल्याच किकेला इंजिन असं सुरू झालं की शेजारचं कुत्रं भुंकायला विसरलं. इतका गोड, एकसारखा आवाज त्या गाडीने माझ्या आठवणीत कधी काढला नव्हता. बाबा हसत होता. मला रडूच आलं, आणि धुराचं निमित्त सापडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी फळीवर, त्याच वळणावर बंद पडली.

त्या वेळची भीती वेगळी होती. आधी जुन्या भागांची भीती होती. जुने भाग दगा देतात, त्यांचं वयच झालेलं असतं. आता सगळं नवं होतं. आणि एक गोष्ट मला टोचायला लागली, जी आधीच टोचायला हवी होती. बाबाने वरच, कड्याला टेकून, किक मारली आणि इंजिन लगेच चालू झालं. गरम होऊन मेलेलं इंजिन असं लगेच उठत नाही. त्याला गार व्हायला वेळ द्यावा लागतो, शिव्या घालाव्या लागतात. हे इंजिन मरत नव्हतं. कुणीतरी ते बंद करत होतं.

बंद करायचं बटण डाव्या मुठीजवळ असतं. दाबलं की ठिणगीचा करंट गाडीच्या सांगाड्यात वळतो आणि इंजिन थांबतं, सोडलं की पुन्हा तयार. मी बटणाची तार काढून टाकली, नियमाप्रमाणे तेवढीच, आणि बाबाला म्हटलं आता जा. तो गेला. मी डोळे मिटून घेतले, आवाज ऐकत राहिले. वळणावर आवाज खोल गेला, तसाच टिकला, आणि मग वरच्या पठारावर मोकळा झाला. एकदा, आणि पुन्हा एकदा, आणि पुन्हा.

हेविनकाकांनी टोपी हवेत उडवली. "बटण! एवढंसं बटण, आणि यांनी अर्धी गाडी नवी केली."

बाबा खाली आला, हेल्मेट काढलं, हातमोजे काढले. त्याच्या डाव्या अंगठ्यावर एक गोल वळ उठला होता, लालसर, खोल. मी पाहिला. हातमोज्याची शिवण असेल, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं. आम्ही सगळे फार खूश होतो. आमच्या चारचाकीच्या टपावर मनुकांचा पाव कापला, त्यावर बोटभर लोणी थापलं, आणि बाबाने हेविनकाकांना बटणांवर एक व्याख्यान दिलं.

बटणाशिवाय ट्रायलला उभं राहता येत नाही. सुरुवातीलाच तपासतात आणि घरी पाठवतात. मी नवं बटण आणलं, सगळ्यात चांगलं, पाणी न शिरणारं. ते लावलं. फळीवर गाडी बंद पडली.

मग तार बदलली, हँडलपासून थेट आतल्या प्लेटपर्यंत. मीटर लावून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तार ओढून पाहिली, हलवून पाहिली, तिच्यावर पाणी ओतलं. मीटरचा काटा जागचा हलला नाही. फळीवर गाडी बंद पडली. त्या खेपेला बाबाचा उजवा पाय कडेच्या पार बाहेर गेला आणि गाडीचं मागचं चाक अर्धं हवेत आलं. हेविनकाका मोठ्याने काहीतरी म्हणाले, चॅपलमध्ये न म्हणण्यासारखं. बाबा खाली आला तेव्हा पांढरा पडला होता, पण तोंडातून निघालं ते हेच, की नव्या बटणांत पूर्वीचा दम राहिला नाही.

ट्रायल पुढच्या शनिवारी होती. माझी झोप उडाली. डोळे मिटले की ती कपची निसटायची आणि मी पाण्याच्या आवाजाची वाट बघत राहायचे. कामावर एका ट्रॅक्टरच्या टाकीत मी डिझेलऐवजी पाणी ओतायला निघाले होते. बाबाला फोन करायचे, तो उचलेपर्यंत जीव टांगणीला लागायचा, आणि उचलल्यावर मी विचारायचे, दूध आहे ना घरात.

गुरुवारी बाबा शेजारच्या खोऱ्यात एका जुन्या सोबत्याच्या मयताला गेला होता. मी दुपारी रजा घेऊन शेडमध्ये गेले आणि टॉवेलासमोर उभी राहिले. कंडेन्सर, पॉइंट, कॉइल, जुनं फ्लायव्हील, प्लेट, बटण, तार. ठिणगी ज्या ज्या वस्तूतून जाते ती प्रत्येक वस्तू तिथे काढून ठेवलेली होती, ओळीने. बदलायचं काही उरलंच नव्हतं. मी पुन्हा डाव्या टोकापासून मोजत आले, आणि मग आठवलं. एक गोष्ट आम्ही बदलली नव्हती. सगळ्या वेळी गाडीवर बाबाच होता.

मी हेविनकाकांना फोन केला. "काका, फळीखाली येऊन उभे राहाल का? बाबाची गाडी घेऊन मला एकदा वर जायचंय."

"तुला?" ते म्हणाले. "फळीवर? धीर कुणाकडून उसना आणलास?"

"याल की नाही?"

माझ्या आवाजात काहीतरी असावं. "येतो," ते म्हणाले. "पण बाळा, ते पाणी मे महिन्यातही बर्फासारखं असतं, आणि अजून एप्रिल आहे."

वर जाईपर्यंतचा चढ मला आठवत नाही. फळीच्या तोंडाशी मी थांबले आणि खाली बघायचं नाही असं ठरवलं, आणि अर्थातच बघितलं. पाणी होतं. हेविनकाका एवढेसे दिसत होते. परत फिरावं, ट्रायलच्या दिवशी बाबाच्या गाडीच्या टाकीत साखर घालावी, त्याचे बूट लपवावेत, असे सगळे पर्याय डोक्यात येऊन गेले. मग मी क्लच सोडला.

डाव्या खांद्याला कडा घासत होता. उजवीकडून गार वारा येत होता, खालून वर. मी पुढच्या चाकाकडे बघत राहिले. वळण आलं. क्लच अर्धा दाबला, इंजिनाचा आवाज खोल गेला, हात भरून यायला लागला. आणि त्या वळणावर, भीतीने घाम डोळ्यांत उतरत असताना, मी मनापासून एकच गोष्ट मागितली. इंजिन बंद पडू दे. आत्ता, माझ्याखाली, बंद पडू दे. मग पडले तरी चालेल, भिजले तरी चालेल, हाड मोडलं तरी चालेल, पण दोष गाडीत आहे हे ठरेल.

इंजिन चालू राहिलं. मी वरच्या पठारावर पोचले, उतरले, गवतात ओकले, आणि पुन्हा फिरून आले. दुसऱ्या वेळी वळणावर जास्त थांबले. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. मी त्याला चक्क शिवी दिली. तिसऱ्या वेळी तिथेच उभी राहिले, पाय पायदानांवर, खांदा कड्याला, क्लच अर्धा, डावा हात थरथर कापेपर्यंत. मग हाताकडे बघितलं. अंगठा मुठीखालून वळसा घालून घट्ट बसला होता. बटण त्याच्यापासून चांगलं लांब होतं. चुकून लागण्यासारखं नव्हतंच. ते दाबायचं तर अंगठा उचलून, वर आणून, मुद्दाम टेकवावा लागतो. आणि इंजिन मरेपर्यंत टेकवून ठेवावा लागतो.

मला तो गोल लाल वळ आठवला. ज्या दिवशी तार काढलेली होती त्या दिवशीचा. इंजिन बंद पडत नव्हतं म्हणून त्याचा अंगठा ते बटण वळणभर दाबत राहिला होता. आणि तो खाली येऊन हसला होता.

मी खाली आले तेव्हा हेविनकाका हात पसरून उभे होते. "बघ, चालली ना! म्हणजे गाडी नीट आहे. ही तर चांगलीच–" त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"मागे क्लबमध्ये त्याच्या हातातला पेला पडला," ते म्हणाले. "डाव्या. मी म्हटलं, चढली असेल."

"त्याची किल्ली पडली होती. मी म्हटलं, उजेड कमी आहे."

"तू सांगणार त्याला?"

"तुम्ही सांगता का?"

मग त्यांनी मला गाडी उतारावरून ढकलायला मदत केली. गाडी चालू होती, ढकलायची काही गरज नव्हती.

बाबा घरी आला होता, शेडमध्ये काळ्या कोटातच बसला होता. गाडीच्या चाकांना लागलेला फळीवरचा निळा चिखल त्याने मी आत आल्याबरोबर पाहिला.

"तू गेली होतीस?"

"हो."

"वळणापर्यंत?"

"वळणापार. तीनदा."

त्याच्या तोंडावर इतका अभिमान आला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "माझी पोर," तो म्हणाला. "भित्री भित्री म्हणत होतो. मग? कुठे बंद पडली?"

"नाही पडली."

त्याने टॉवेलाकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे, मी बघितलं होतं तसंच. हा नियम त्याचाच होता, त्याला माझ्याहून लवकर कळायला हवं.

"मी बटणाला हात लावत नाही, नेस," शेवटी म्हणाला. आवाज लहान झाला होता. "शपथेवर सांगतो. वळणावर मी बटणाला कशाला हात लावू? मला काय मरायचंय?"

"माहीत आहे, बाबा."

"मग?"

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. काय करायचं ते मी येताना ठरवलं होतं, आणि आता ते करायची भीती फळीपेक्षा जास्त वाटत होती. मी माझं बोट त्याच्या डाव्या मुठीवर आडवं ठेवलं, बटण असतं तिथे. "क्लच धरलायस असं समज. बोटं अर्धी आवळ. तशीच धरून ठेव."

त्याने धरली. त्याचा हात गरम होता, खरखरीत, लहानपणापासून ओळखीचा. आम्ही तसेच बसलो. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. त्याच्या बोटांवरच्या शिरा ताठ झाल्या, मनगट कापायला लागलं. आणि मग अंगठा हलला. सावकाश मुठीखालून सुटला, वर आला आणि माझ्या बोटावर टेकला. दाबायला लागला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होता, काय होतंय याची वाट बघत.

"काही होत नाहीये," तो म्हणाला.

"बरं. सोड आता."

"सोडलं," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. चार बोटं सुटली होती. अंगठा तसाच होता, माझ्या बोटावर, इतक्या जोराने की नखाखाली पांढरं झालं होतं. बाबाने माझी नजर जिकडे होती तिकडे पाहिलं. त्याने अंगठ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली, जशी दुसऱ्या कुणाच्या आगाऊ पोराकडे बघून घालतात. तो जोर लावत होता, मानेवरून कळत होतं. अंगठा हलला नाही.

मग उजव्या हाताने त्याने तो उचलला आणि बाजूला ठेवला. डावा हात बाकावर टॉवेलाच्या शेवटी पडला होता, तारेच्या शेजारी. त्याने तो तिथेच राहू दिला.

"शनिवारी–" मी म्हटलं.

"शनिवारचं सोड," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नेस, मला भीती वाटतेय ग."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे मला सांगितलं. मी स्टूल त्याच्या बाजूला घेतलं आणि त्याचा डावा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला, आणि कुणी उचलेपर्यंत आम्ही दोघं घंटा ऐकत बसलो.